बसमधून संकटकालीन सुटका

बसमधून संकटकालीन सुटका : अपघातात बस उलटली किंवा पेटली आणि नेहमीचे दार बंद झाले, तर प्रवाशांनी खिडकी, मागची काच किंवा छतावरील झडपेतून बाहेर पडणे. एस.टी.च्या खिडकीवर लाल अक्षरांत ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असे लिहिलेले असते. ते सगळ्यांनी वाचलेले असते, पण ती खिडकी उघडून पाहिलेला प्रवासी विरळाच.

बुलढाणा जिल्ह्याला या विषयाची ओळख फार मोठी किंमत मोजून झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ दुभाजकाला धडकून डाव्या अंगावर उलटली आणि पेटली. गाडीत ३३ जण होते. २५ जण दगावले, आठ वाचले. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले होते. त्याआधी नऊ महिनेही झाले नव्हते तोच, ८ ऑक्टोबर २०२२ रोजी यवतमाळहून मुंबईकडे जाणारी ट्रॅव्हल्स नाशिकला ट्रकवर आदळून अशीच जळाली होती. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणारा विदर्भातला माणूस अनेकदा रात्रीच्या स्लीपर बसने जातो. त्यामुळे हा प्रश्न इथल्या घराघरांतला आहे.

आपल्याकडे बसचे दार डाव्या बाजूला असते. गाडी त्याच अंगावर पडली की दार रस्त्याखाली दबते आणि चालकाच्या बाजूच्या खिडक्या डोक्यावर जातात. बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, म्हणजे त्या खिडक्या गाठायला बर्थच्या कडेवर पाय देऊन चढावे लागते. मागची काच मात्र उभ्या माणसाच्या हाताशी राहते. पुढची काच दोन थरांची असते आणि मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून ती तडकते पण सहसा गळून पडत नाही. बाजूच्या काचा बहुधा टफन्ड असतात. त्यांच्या मधोमध मारले तर काच लवते आणि घाव वाया जातो. टोकदार हातोडीने कोपऱ्याजवळ मारले, की सगळी काच एकदम ज्वारीच्या दाण्यांसारखी भुगा होऊन पडते. हातोडी नसेल तर अग्निशामक सिलिंडरचे बूड चालते.

वेळ फार थोडा असतो. गादीचा फोम, रेक्झिन, पडदे पेटले की धुरात कार्बन मोनॉक्साइड येतो आणि ज्वाळा पोहोचण्याआधीच माणसाची शुद्ध हरपते. अशा क्षणी मन कसे वागते, याचा अभ्यास ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी केला. त्यांच्या निरीक्षणानुसार आरडाओरडा करणारे थोडे असतात आणि भानावर राहून हालचाल करणारेही थोडेच. बहुतेक जण जागच्या जागी थिजतात. कोरी पाटी घेऊन निर्णय घ्यायला मेंदूला वेळ लागतो. आधी ठरवून ठेवलेली कृती मात्र चटकन हातून घडते. आणि धूर भरला तरी माणूस ज्या दाराने चढला त्याच दाराकडे वळतो.

पिंपळखुट्याला जे गेले ते घाबरले म्हणून गेले, असे कोणी म्हणू नये. गाढ झोपेत आडव्या झालेल्या गाडीत वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. विमानात प्रत्येक उड्डाणाआधी बाहेर पडण्याच्या वाटा दाखवतात. अर्धी दारे बंद ठेवूनही ९० सेकंदांत विमान रिकामे होते, हे नव्या विमानाला सिद्ध करावे लागते. रात्रभर धावणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये हे दोन मिनिटांचे सांगणे सहसा होत नाही, ते व्हायलाच हवे.

तोवर प्रवाशाने स्वतः करायचे ते असे : चढल्यावर हातोडी कुठे टांगली आहे ते पाहावे आणि नसेल तर तिथेच विचारावे. आपल्या बर्थपासून मागच्या काचेपर्यंत मध्ये किती बर्थ आहेत ते हात लावून मोजावे, कारण अंधारात डोळा उपयोगी पडत नाही. मोबाइल आणि चपला पायाशी न टाकता उशाशी ठेवाव्यात. लेकरू सोबत असेल तर त्याला कोण उचलणार, हे दिवे मालवण्याआधी दोघांनी बोलून घ्यावे.