खांद्यावरचा छज्जा

डावा हात उजव्या खांद्यावर ठेवा आणि मानेकडून बाहेर बोटे सरकवीत जा. अगदी कडेला एक चपटे, कठीण हाड हाताला लागेल. पाठीवर जे त्रिकोणी पाते आपण जन्मभर वागवतो, त्याचेच हे पुढे आलेले टोक. सुश्रुताने ह्या पात्याला अंसफलक म्हटले, १०७ मर्मांत त्याची गणना केली आणि तेथे इजा झाली तर हात बधिर होतो किंवा सुकतो, असे बजावून ठेवले. टोकाचे शास्त्रीय नाव अंसकूट. आपण मात्र त्याला छज्जा म्हणू या, कारण त्याची ठेवण छज्ज्यासारखीच आहे. त्याच्याखाली एक अरुंद फट असते आणि हात उचलणाऱ्या स्नायूंची दोरीसारखी टोके, म्हणजे कंडरा, त्या फटीतून जातात.

दोन माणसांची नाके सारखी नसतात, हे कोणाला सांगावे लागत नाही. हाडांचेही तेच, ती झाकलेली असतात एवढेच. कोणाचा छज्जा सपाट, कोणाचा कमानदार, कोणाचा पुढच्या अंगाला आकड्यासारखा खाली वळलेला. आता पन्नाशी उलटलेल्या माणसाचा खांदा दुखू लागला, फळीवरचा डबा काढताना कळ येऊ लागली, आणि एक्स-रेमध्ये असा आकडा दिसला, तर दोष कोणाचा? आकड्याचा, असे उत्तर कोणीही देईल. जगभरच्या सर्जनांनीही तेच दिले आणि छज्जा तासायला घेतला. त्या उत्तराची ही हकीकत.

ती सुरू होते अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात. अर्नेस्ट अमोरी कॉडमन (जन्म १८६९) हा हार्वर्डमध्ये शिकलेला सर्जन. फाटलेली कंडरा शिवून जोडल्याची माहिती त्याने १९११ साली प्रसिद्ध केली. पण त्याच्या डोक्यात खांद्याहूनही एक मोठे वेड होते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रोग्याचे एक कार्ड ठेवायचे, वर्षभराने त्याला गाठून विचारायचे, ‘बरे वाटले का?’ आणि नसेल वाटले तर का नाही, हे लिहून जाहीर करायचे. एवढेच. आपल्याकडे चांगला गवंडीसुद्धा पहिल्या पावसानंतर घर गळते की काय ते पाहून जातो. बॉस्टनच्या वैद्यांना मात्र ही सूचना मानवली नाही. ज्येष्ठतेनुसार बढती देण्याच्या पद्धतीला कंटाळून त्याने १९१४ साली मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. पुढच्याच जानेवारीत डॉक्टरांच्या भर सभेत त्याने एक भलेमोठे व्यंगचित्र उघडले: वाळूत डोके खुपसलेले एक शहामृग, म्हणजे शहरातली श्रीमंत वस्ती, सोन्याची अंडी डॉक्टरांकडे लोटते आहे, आणि खरे सांगितले तर अंडी थांबतील की काय, ह्या विवंचनेत डॉक्टर आहेत! सभेत गदारोळ झाला, आणि ज्या शाखेचा तो अध्यक्ष होता ते पदही गेले.

गृहस्थ मुलखाचा भांडखोर होता, हे कबूल केले पाहिजे. पण नियम त्याने आधी स्वतःला लावला. १९११ ते १९१६ पर्यंत त्याच्या छोट्या खासगी इस्पितळातून ३३७ रोगी बाहेर पडले. त्यांच्या बाबतीत घडलेल्या १२३ चुका त्याने स्वतः छापून वाटल्या. असा जमाखर्च छापणारे दुसरे इस्पितळ निदान माझ्या तरी वाचनात नाही.

१९३४ साली त्याने पदरमोड करून खांद्यावर एक जाडजूड ग्रंथ काढला. ‘फ्रोझन शोल्डर’ हा आज घरोघरी ऐकू येणारा शब्द त्यातलाच. कंडरा बहुधा आतल्या बाजूने, दंडाच्या हाडाला चिकटते तिथून फाटू लागते, असे त्याने त्यात मांडले. म्हणजे छज्ज्याच्या बाजूने नव्हे.

पुढच्या पिढीने हे फारसे मनावर घेतले नाही. न्यूयॉर्कचे चार्ल्स नीअर ह्यांनी १०० पाती तपासली. त्यांतल्या ११ पात्यांत छज्ज्याच्या पुढच्या कडेखाली हाडाचा उंचवटा वाढलेला दिसला. हात उचलला की कंडरा तिथे घासते, झिजते आणि शेवटी फाटते, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हा तेवढा भाग कापून काढावा, असे त्यांनी १९७२ साली सुचवले. १९८६ साली बिग्लियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतांचे १४० खांदे पाहून छज्ज्याचे सपाट, कमानदार आणि आकडेदार असे तीन प्रकार पाडले. फाटलेल्या कंडरा आकडेदारांत जास्त आढळल्या. उपपत्ती सुटसुटीत होती आणि एक्स-रेवर बोट ठेवून रोग्याला पटवता येत होती. पुढे दुर्बीण आली आणि बारीकशा छिद्रातून हाड तासता येऊ लागले. एकट्या इंग्लंडात ह्या शस्त्रक्रिया वर्षाला अडीच हजारांवरून दहा वर्षांत एकवीस हजारांच्या वर गेल्या.

शंका घेणारे होतेच. जपानमध्ये ओझाकी ह्यांनी १९८८ साली मृतांचे २०० खांदे तपासले. कंडरा खालच्या अंगाने फाटलेली असली, तर छज्ज्याची खालची बाजू बहुधा निकोप होती. मग आकड्याने कंडरा फाडली, की बिघडलेल्या खांद्यात आकडा मागाहून वाढला?

हाडाचा आकार वयाने आणि कामानेही बदलतो, हे विसरून चालत नाही. छज्ज्याचे टोक मुलांत सुट्या तुकड्यांचे असते आणि विशी-पंचविशीपर्यंत सांधले जाते. शंभरात साधारण आठांचे सांधलेच जात नाही. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथसमोर बुडाले आणि १९८२ साली वर काढले गेले. त्यावरच्या सांगाड्यांचा अभ्यास अ‍ॅन स्टरलंड ह्या विदुषींनी केला. त्यांना सुमारे आठांतल्या एका पात्यात हे टोक सुटे आढळले. जहाजावर माणसाएवढी उंच धनुष्ये होती. पोरवयापासून ती ताणणाऱ्यांचे टोक सांधायला उसंतच मिळाली नसावी, असा त्यांचा तर्क. तर्कच, हाडांवर कोणी ‘तिरंदाज’ म्हणून लिहून ठेवलेले नव्हते. सर्जनाला मात्र ही गोष्ट ठाऊक हवी. अशा सुट्या तुकड्याला हाड मोडले असे समजण्याची चूक होते, आणि नकळत छज्जा तासला तर तुकडा आणखी खिळखिळा होतो.

मूळ प्रश्नाचा निकाल लावायला कॉडमनचाच मार्ग धरावा लागला. ब्रिटनमधल्या ३२ इस्पितळांत २०१२ ते २०१५ ह्या काळात ३१३ रोग्यांना, त्यांची संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एकांचा छज्जा तासला. दुसऱ्यांच्या खांद्यात दुर्बीण घालून नुसते पाहिले आणि काही न कापता टाके घातले. तिसऱ्यांवर काहीच केले नाही. पहिल्या दोघांपैकी आपण कोणत्या गटात, हे रोग्यांना माहीत नव्हते. उगाच भूल देऊन खोटी शस्त्रक्रिया करायची, हे ऐकून अंगावर काटा येतो. पण न विचारता हजारोंची हाडे तासत राहणे मला त्याहून वाईट वाटते. सहा महिन्यांनी पाहिले तर तासलेल्यांत आणि न तासलेल्यांत फरक नव्हता. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघेही किंचित बरे होते. पण तो फरक रोग्याला जाणवावा इतका नव्हता. फिनलंडमधल्या अशाच चाचणीत तासणे नुसत्या पाहण्यापेक्षा सरस ठरले नाही. २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने, केवळ अशा दुखण्यासाठी छज्जा तासू नये, अशी स्पष्ट शिफारस केली. अपघाताने कंडरा फाटली तर ती शिवण्याची गोष्ट वेगळी. ते काम अजूनही चालते.

कॉडमन १९४० सालीच वारला होता. त्याच्या दफनाच्या जागी साधा दगडही नव्हता; तो बसवला २०१४ साली. त्याच्या नावाचा एक व्यायाम मात्र सर्वत्र शिकवतात. टेबलाला धरून ओणवे व्हायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा हलकेच झुलवायचा. शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले, दोघेही तो करतात.