बाह्य दूरचित्रवाणी ट्यूनर

बाह्य दूरचित्रवाणी ट्यूनर हे संगणकाला बाहेरून जोडावयाचे उपकरण आहे. अँटेना, केबल अथवा उपग्रह-तबकडी यांच्याद्वारे येणारे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण त्याच्या साहाय्याने संगणकाच्या पडद्यावर पाहता येते. बहुतेक प्रकारांत ते हार्ड डिस्कवर साठवूनही ठेवता येते. संगणकाची पेटी उघडून आत बसवावयाच्या ट्यूनर कार्डाहून हे उपकरण वेगळे होय. पुणे शहरात २००० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून आणि मध्यमवर्गीय घरांतून ते बऱ्यापैकी प्रचारात होते. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणानंतर त्याचा मूळ उपयोग जवळजवळ संपला. तरीही खुल्या उपग्रह-वाहिन्या पाहणे आणि जुन्या व्हिडिओ फितींचे जतन करणे या दोन कामांसाठी ते आजही उपयोगी पडते.

कार्यपद्धती

अँटेनाच्या किंवा केबलच्या एकाच तारेतून अनेक वाहिन्या निरनिराळ्या वारंवारतांवर एकाच वेळी येत असतात. त्यांतील हवी ती वारंवारता निवडणे हे ट्यूनरचे काम. तंबोऱ्याची तार सुरात लावावी, तसाच हा प्रकार आहे. निवडलेल्या वाहिनीतून चित्र व ध्वनी वेगळे करून ते संगणकाला समजेल अशा अंकीय रूपात आणले जातात.

भारतातील जुने अॅनालॉग प्रक्षेपण पाल-बी या पद्धतीचे होते. तीत एका चित्रात ६२५ रेषा, सेकंदाला २५ पूर्ण चित्रे आणि प्रत्येक वाहिनीस ७ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा असे. ध्वनीची वारंवारता चित्राच्या वारंवारतेपेक्षा ५.५ मेगाहर्ट्झने अधिक असे. हा शेवटचा आकडा वरवर क्षुल्लक वाटतो. पण पाल पद्धतीच्याच इतर काही देशांतील उपप्रकारांत हे अंतर ६ किंवा ६.५ मेगाहर्ट्झ असते. आज्ञावलीत देश निवडताना चूक झाली की चित्र स्वच्छ दिसे आणि ध्वनीच्या जागी केवळ खरखर ऐकू येई. उपकरण बिघडले असे समजून ते दुकानात परत नेण्याआधी ही निवड एकदा तपासून पाहणे इष्ट असे.

दोन प्रकार

बाह्य ट्यूनरचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिला प्रकार संगणक आणि मॉनिटर यांच्या मध्ये जोडावयाच्या पेटीचा. संगणकाची चित्रतार या पेटीत येते व पेटीतून मॉनिटरकडे जाते. दूरचित्रवाणी पाहताना संगणक चालू असण्याची आवश्यकता नसते, कारण पेटीच मॉनिटरला चित्र पुरविते. अर्थात अशा पेटीत ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रणाची सोय नसते. गॅडमी या चिनी बनावटीच्या पेट्या भारतीय बाजारात बऱ्याच खपल्या.

दुसरा प्रकार यूएसबी ट्यूनरचा, आणि घरगुती माध्यम-संगणकाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. यात चित्र प्रत्यक्ष संगणकात येते, त्यामुळे ते थांबविता, साठविता आणि पुन्हा पाहता येते. मात्र त्यासाठी माहिती वाहून नेणारी वाट पुरेशी रुंद हवी. ७२० बिंदू रुंद व ५७६ बिंदू उंच असे पाल चित्र काहीही न दाबता पाठवायचे, तर दर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट माहिती लागते. यूएसबीच्या १.१ या आवृत्तीची कमाल गती १२ मेगाबिट एवढीच होती. म्हणून आरंभीचे ट्यूनर चित्र लहान करून किंवा दाबून पाठवीत आणि ते पडद्यावर धूसर दिसे. २००० साली जाहीर झालेल्या यूएसबी २.० ने ही मर्यादा ४८० मेगाबिटवर नेली, तेव्हा कुठे पूर्ण आकाराचे चित्र शक्य झाले. न दाबलेले चित्र साठवू गेल्यास ताशी सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. एमपेग-२ पद्धतीने दाबल्यास हीच गरज दोन ते तीन गिगाबाइटवर येते. ४.७ गिगाबाइटच्या एका डीव्हीडीवर दोन तासांच्या आसपासचा कार्यक्रम मावे, तो या हिशेबाने.

पुण्यातील वापर

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुण्यात त्याचे कार्यक्रम सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे दिसू लागले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा हा गड शहराच्या नैर्ऋत्येस असल्याने पुण्यातील गच्च्यांवरच्या अँटेना त्याच दिशेला तोंड करून उभ्या असत. पुढे १९९० च्या दशकात केबल घरोघरी पोहोचली. १९९९ मध्ये अल्फा मराठी व २००० मध्ये ईटीव्ही मराठी या वाहिन्या आल्यावर केबलची तार ही मराठी घराची गरजच होऊन बसली.

ही तार घरात येत असे ती उघड्या, म्हणजे सांकेतिक कुलूप न लावलेल्या, अॅनालॉग संकेतांची. कोणताही ट्यूनर तिला जोडावा आणि सर्व वाहिन्या दिसाव्यात, अशी स्थिती होती. बाह्य ट्यूनरच्या लोकप्रियतेचे खरे कारण येथे आहे. शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला संगणक अभ्यासासाठी घ्यावाच लागे. वेगळा दूरचित्रवाणी संच घेण्याइतकी जागाही नसे आणि पैसाही. ज्या घरात एकच संच होता, तेथे मालिका व क्रिकेट यांचा तंटा ट्यूनरने मिटे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी पुणेकर पूर्वापार बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठतात. केबलचे विभाजक, जोडपिना, ध्वनीच्या तारा असे सुटे सामान तेथे मिळते.

जोडणीत दोन अडचणी नेहमी येत. एकच तार विभाजकाने संच व ट्यूनर यांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी शक्तीचा संकेत येई आणि वरच्या वारंवारतांवरील वाहिन्यांत मुंग्या दिसत. दुसरी अडचण अधिक गंभीर. केबलच्या बाहेरील जाळीत आणि संगणकाच्या धातूच्या पेटीत विद्युतदाबाचा फरक असल्यास चित्रावर आडवे पट्टे सरकत, प्रसंगी तार लावताना हाताला झटकाही बसे. अर्थिंग सदोष असलेल्या जुन्या वाड्यांत हा अनुभव विशेष येई. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्यावर केबलची तार ट्यूनरमधून काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय होता.

माध्यम-संगणक

ट्यूनर, मोठी हार्ड डिस्क आणि दूरनियंत्रकाने चालणारी आज्ञावली यांनी युक्त संगणकास माध्यम-संगणक म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. त्याच वर्षी लिनक्सवरील मिथटीव्ही या मुक्त आज्ञावलीची सुरुवात झाली. मीडिया सेंटर विंडोज १० मधून वगळण्यात आले. ठरावीक वेळी मुद्रण आपोआप सुरू करणे हे अशा संगणकाचे मुख्य वैशिष्ट्य असले, तरी त्या वेळी वीज असणे हेही तितकेच आवश्यक असल्याने यूपीएस जोडणे श्रेयस्कर ठरे.

असे मुद्रण कायद्यास धरून आहे काय, अशी शंका घेतली जाते. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम ३७ नुसार प्रसारण संस्थेला तिच्या प्रसारणावर २५ वर्षे विशेष हक्क असतो. परंतु कलम ३९ अन्वये स्वतःच्या खाजगी वापरासाठी, तसेच केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेल्या मुद्रणाने त्या हक्काचा भंग होत नाही. शिक्षकांनी ही तरतूद अवश्य लक्षात ठेवावी. मुद्रित कार्यक्रमाची विक्री किंवा जाहीर प्रदर्शन या सवलतीत बसत नाही.

डिजिटलीकरणाचा परिणाम

केबल दूरचित्रवाणी अधिनियमात २०११ साली दुरुस्ती होऊन केबलचे टप्प्याटप्प्याने डिजिटलीकरण करण्याचे ठरले. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत पुण्याचा समावेश होता व त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. यानंतर तारेतून येणारा संकेत सांकेतिक झाला. केबलचालकाने दिलेल्या सेट टॉप बॉक्सखेरीज त्याची उकल होत नाही. ट्यूनरला आता केवळ बॉक्समधून बाहेर पडणारे चित्र घेता येते आणि वाहिनी बदलण्याचे काम बॉक्सकडेच राहते. म्हणजे ज्या कामावरून उपकरणाला नाव मिळाले, तेच काम त्याच्याकडून गेले. चित्राचा दर्जा सुधारला व वाहिन्या वाढल्या हे खरे, पण आपल्या घरी पैसे मोजून येणारा संकेत आपल्या पसंतीच्या उपकरणावर घेण्याची मोकळीक ग्राहकाने गमावली, हेही नोंदविले पाहिजे.

दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचे डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले. त्या यादीत महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद ही शहरे होती, पुणे नव्हते.

सद्यस्थितीतील उपयोग

डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली आणि आता डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी उपग्रहसेवा मासिक शुल्काविना उपलब्ध आहे. तिच्यावरील एमपेग-२ पद्धतीच्या वाहिन्या सांकेतिक नसल्याने डीव्हीबी-एस२ जातीचा यूएसबी ट्यूनर त्या थेट घेऊ शकतो. ही सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. पुण्यातून पाहता तबकडीचे तोंड आग्नेयेस, खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर असावे लागते. त्या बाजूला उंच इमारत अगदी जवळ नसल्यास सुमारे ६० सेंटिमीटरची तबकडी पुरते. डिजिटल प्रवाह मुळातच दाबलेला असल्याने संगणकाला तो जसाच्या तसा साठवावयाचा असतो. त्यामुळे मुद्रणात दर्जा कमी होत नाही आणि जुन्या संगणकावरही ताण पडत नाही.

दुसरा उपयोग व्हीएचएस फितींचा. लग्नमुंजी, गणेश विसर्जनाच्या मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलने यांच्या असंख्य फिती घराघरांतील कपाटांत पडून आहेत. चुंबकीय फीत कालांतराने क्षीण होते. पावसाळी दमटपणाने तिला बुरशी लागते. फीत चालविणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत, कारण ती बनविणाऱ्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. बहुतेक यूएसबी ट्यूनरना चित्रासाठी पिवळा आणि ध्वनीसाठी लाल व पांढरा असे प्रवेशमार्ग असतात. व्हीसीआर त्यांना जोडून फीत पूर्ण वेळ चालवावी लागते. तीन तासांची फीत उतरवावयास तीन तासच लागतात व ताशी २.७ गिगाबाइट या हिशेबाने सुमारे ८ गिगाबाइट जागा लागते. जुन्या फितीचा संकेत मध्येच तुटला तर काही चित्रे गळतात आणि ओठ आधी, शब्द मागून अशी विसंगती येते. अशा वेळी फीत तुकड्यातुकड्यांनी उतरविणे बरे. पांढरी बुरशी दिसत असलेली फीत मात्र स्वच्छ केल्याविना यंत्रात घालू नये; ती बुरशी यंत्राच्या शीर्षास चिकटते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक फितीस लागते.