मोजपट्टी कुणाच्या हातात?

दोस्तांनो, मी सूतगिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. इतिहास कॉलेजात शिकलो नाही, पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचला. पण गिरणीनं एक गोष्ट शिकवली. सूत सरासरीवर टिकत नाही. जिथं बारीक, तिथं तुटतं. शहराचंही तेच.

मागं आमच्या वस्तीत एक पाहणीवाला आला. नळ आहे का? आहे. त्यानं खूण केली नि गेला. पाणी रात्री दोनला येतं, आई हंडे लावून जागत बसते, हे लिहायला त्याच्या कागदावर रकानाच नव्हता.

ही गोष्ट आजची नाही. 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर महाड सुधारलं! पण त्या तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्याच दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली. कोर्टाचा शेवटचा निकाल लागला 1937 ला.

नंतर आमचं नाशिक. 2 मार्च 1930 ला काळारामाच्या दारात हजारो माणसं येऊन ठेपली. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे पुढं होते. देवळाचे दरवाजे बंद. लढा पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली. लढा दर्शनासाठी नव्हताच. या शहरात आम्ही माणसांत मोजले जातो की नाही, एवढंच विचारायचं होतं.

आता शहर मोजायची नवी भाषा आलीय. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी 17 उद्दिष्टं ठरवली, त्यातलं 11 वं शहरांचं. आकडे उत्पन्न, लिंग, वय, वंश, अपंगत्व असे फोडून द्या, असंही त्यात सांगितलं. त्या यादीत जातीचं नाव नाही. 2016 ला नाशिक स्मार्ट सिटीत निवडलं गेलं. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ स्मार्ट रस्ता झाला. 2025 च्या मार्चमध्ये ती योजनाही संपली. आमचा नळ रात्री दोनलाच.

सगळ्या जाती मोजणारी शेवटची जनगणना 1931 ची. म्हणजे काळारामाचा सत्याग्रह चालू होता तेव्हाची. 2027 च्या जनगणनेत जात मोजायचं सरकारनं 2025 मध्ये ठरवलंय. मोजू द्या. पण जात विचारून नळाची वेळ विचारली नाही, तर तो कागद पुन्हा महाडच्या ठरावासारखाच.

म्हणून सांगतो, वही घ्या. आपापल्या वस्तीत घरोघर जा. पाणी किती वाजता, किती हंडे, भरतं कोण, गटारात उतरतं कोण, कुणाच्या जातीचं, सगळं लिहा. शहराच्या अहवालासमोर आपली वही ठेवायची.

माझ्या वहीत पहिलं घर आईचं आहे. ती रात्रभर झोपली, की त्या पानावर लिहीन : नाशिक पुढं गेलं.

जय भीम.