दारावरची विक्री आणि घरची चटणी

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या माहितीतील एखाद्या विषयावर लिहावे, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचा लेख माझ्याकडून व्हावयाचा नाही. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणी घरी शेंगाचटणी, कडक भाकरी, पापड, मसाले करून विकतात. आणि तितक्याच जणी कंपन्यांचे कॅटलॉग हाती घेऊन डबे, साबण, पावडरी विकत फिरतात. डबेवालीने चटणीवालीचे नाव सांगावे आणि चटणीवालीने डबेवालीचे, अशी चाल आपल्या सोलापूरच्या पेठांतून हल्ली पुष्कळ दिसते. ही चाल कालपरवाची आहे असे आपणास वाटते, पण तिच्यामागे बराच इतिहास आहे. तो वाचून, ऐकून व पाहून मला जसा कळला तसा येथे मांडते.

दारावर येऊन माल विकणे आपणास कोणा परक्याने शिकविलेले नाही. कासार बांगड्यांचे ओझे घेऊन घरी येई आणि ओसरीवर बसून लेकीसुनांचे हात भरी. बोहारीण जुनी लुगडी घेऊन भांडी देई. कुंकू, सुया, पोत, मणी विकणाऱ्या बाया वाड्यावाड्यांतून फिरत. ज्या बाईला घराबाहेर पडण्याची सोय नव्हती, तिची बाजारपेठ हीच. या विक्रेत्यांना घरातील माणसे ओळखत. त्यामुळे कोणाच्या हातचे पापड हलके होतात, कोणाच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र उतरतात, ही वार्ताही त्यांच्याच तोंडून या घरातून त्या घरात जाई. आपली संक्रांतीची रीत पाहा. हळदीकुंकवाला तिळगूळ आणि वाण ही दोन्ही बरोबरच दिली जातात. खाण्याचा पदार्थ तोंड गोड करतो. वस्तू घरात राहते आणि देणारणीची आठवण देते. खाऊ आणि वस्तू यांची जोडी आपल्या घरात किती मुरलेली आहे, हे यावरून दिसते.

पुढे मोठ्या व्यापाऱ्यांनीही हीच वाट धरली. आज चहावाचून आपले पान हलत नाही; पण शंभर वर्षांपूर्वी तो घरोघरी नव्हता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत परदेशी चहाचा उठाव कमी झाला आणि मळेवाल्यांचे लक्ष देशातील गिऱ्हाइकाकडे वळले. १९३७ पासून ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ या नावाने हे काम चालू लागले. त्याची माणसे जत्रांतून, गिरण्यांतून व घरोघरी जाऊन चहा कसा करावा हे दाखवीत आणि कपभर पाजीत. त्याच वर्षी डालडा बाजारात आला. हे नवे तूप लोकांना पटेना, म्हणून डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांतून फिरविली गेली आणि जागोजागी पदार्थ करून लोकांना वास, चव व रूप पारखावयास दिले गेले. खाण्याची वस्तू नुसत्या बोलण्याने विकत नाही. ती जिभेवर ठेवावी लागते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

याहून गमतीची हकीगत अमेरिकेतील आहे. डेव्हिड मॅककॉनेल नावाचा गृहस्थ दारोदार पुस्तके विकीत असे. बायकांनी दार उघडावे व चार शब्द ऐकून घ्यावेत म्हणून तो सोबत अत्तराची लहानशी कुपी भेट देई. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की पुस्तकांपेक्षा अत्तराचीच चौकशी अधिक होते! १८८६ साली त्याने पुस्तके सोडून अत्तराचाच धंदा काढला आणि विक्रीसाठी स्त्रियांना नेमिले. पहिली विक्रेती श्रीमती आल्बी. अमेरिकेत साऱ्या स्त्रियांना मताचा हक्क संविधानाने मिळाला तो १९२० साली. त्याच्या कितीतरी आधी या बाया स्वतःची कमाई करू लागल्या होत्या. हीच कंपनी पुढे ‘एव्हॉन’ नावाने जगभर गेली. भेट म्हणून दिलेली वस्तू मूळ मालाला मागे टाकते, ही गोष्ट चटणी करणाऱ्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावी.

दुसरी कथा डब्यांची. अर्ल टपर याने १९४६ साली घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे बाजारात आणले. दुकानात ते पडून राहिले, कारण झाकण दाबून हवा कशी काढावयाची हे दुकानदार कोणास समजावून सांगणार? ब्राउनी वाइज नावाच्या बाईने व तिच्यासारख्या इतरांनी ते डबे शेजारणींना घरी बोलावून, वापरून दाखवून विकले. जिच्या घरी बायका जमत, त्या यजमानीणबाईला भेटवस्तू मिळे. १९५१ साली टपरने दुकानांतील विक्री थांबवून सारा माल या घरगुती बैठकांतूनच विकावयाचे ठरविले आणि वाइजबाईला त्या कामाची मुख्य केले. १९५४ साली ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. परंतु १९५८ साली टपरने तिला दूर केले. तिच्या हाती कंपनीचा एकही शेअर नव्हता. वर्षभराचा पगार घेऊन ती बाहेर पडली आणि कंपनीच्या इतिहासातूनही तिचे नाव पुसले गेले. काम तिचे, ओळख तिची. पण कागद दुसऱ्याच्या नावावर. असो.

याच्या दुसऱ्याच वर्षी, १५ मार्च १९५९ रोजी, मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटावयास बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली व ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्यांनी एक नेम धरला की कोणाची देणगी घ्यावयाची नाही आणि जी पापड लाटील ती संस्थेची मालकीण. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. तीच आपली ‘लिज्जत’. सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. विकण्यासाठी दुसऱ्याचा हात या भगिनींनीही घेतला. पण पाकिटावर नाव आपले ठेवले आणि हिशेब आपल्या वहीत ठेवला. वाइजबाई आणि या भगिनी यांच्या दोन हकिगती शेजारी ठेवून वाचाव्यात, असे मला वाटते.

१९९१ नंतर देशात परदेशी कंपन्यांना दार मोकळे झाले. १९९६ साली टपरवेअर व एव्हॉन या कंपन्या हिंदुस्थानात आल्या; १९९८ साली ॲमवेने येथे व्यापार सुरू केला. मोठ्या शहरांतून ही लाट आपल्या जिल्ह्याच्या गावी पोहोचली. सोलापुरात त्या काळी घरांना पैशाची निकड होती. एकेकाळी या गावाचे घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चाले. पहिली गिरणी १८७७ सालच्या सुमारास चालू झाली. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांनी हजारो घरे पोसली. त्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांचा भार बायकांच्या हातांवर आला. पूर्वभागातील भगिनी विड्या वळीतच होत्या. तेथे पान-तंबाखू कारखान्याची, बोटे बाईची आणि बंडलावर शिक्का कारखान्याचा. ज्यांना विडीचे काम नको होते त्यांनी भाकरी थापली, चटणी कांडली. ज्या बोलक्या होत्या त्यांनी कॅटलॉग हाती घेतला.

आता आपल्या मालाविषयी. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची वा बाजरीची पातळ थापून, मंद आचेवर पाण्याचा अंश उडेपर्यंत शेकलेली भाकरी. ती कित्येक दिवस टिकते, म्हणून प्रवासाला व वारीला उपयोगी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपल्या जिल्ह्याला भूषणच. शेंगाचटणीत भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे व मीठ. उखळात कांडताना दाण्याला तेल सुटले पाहिजे. या दोन्ही जिन्नसांना वैरी एकेकच आहे. भाकरीला दमट हवा आणि चटणीला सैल झाकण. पावसाळ्यात भाकरी दोन दिवसांत चिवट होते, आणि चटणीचे तेल पिशवीतल्या लुगड्याला डाग पाडते.

डबेवाली आणि चटणीवाली यांचे सूत जमले ते येथेच. रिकामा डबा टेबलावर ठेवला तर कोणी वळून पाहात नाही. त्यात चटणी भरून, झाकण लावून, डबा उलटा धरून दाखविला की बायका पुढे सरकतात. भाकरी डब्यात घालून आठवड्याने मोडून दाखविली आणि ती कुर्रकन मोडली, की डब्याचीही परीक्षा झाली व भाकरीचीही. आमच्या गल्लीत मी पाहते, एका भगिनीच्या घरी डब्यांची बैठक असली की शेजारची चटणीवाली आठ-दहा पुड्या चव घेण्यास पाठविते. आणि चटणी न्यावयास आलेल्या गिऱ्हाइकाला ती डब्याचा कॅटलॉग दाखविते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस आणि संक्रांतीचे हळदीकुंकू एकाच सुमारास येतात. तेव्हा वाणाचा लहान डबा व त्यात चटणी अशी एकत्र मागणी निघते. आपल्या गावी मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी अशा चार भाषा. एकीला कानडी घरांतून प्रवेश, दुसरीला तेलुगू घरांतून. दोघी एकत्र आल्या की दोन्हीकडची दारे उघडतात. हा फायदा कोणत्याही जाहिरातीने मिळावयाचा नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास सांगून उपयोग काय? माझ्या पाहण्यातील एक भगिनी. हिच्याकडून डबेवालीने चटणी किलोवर सुटी घ्यावयास सुरुवात केली आणि पुड्यांवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली. दोन वर्षांत ती चटणी पुण्यापर्यंत गेली. पण ती कांडणारी कोण, हे एकाही गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हते. शेंगदाणा महागला तेव्हा तिला चार पैसे वाढवून मागता येईनात, कारण गिऱ्हाईक तिचे राहिलेच नव्हते. दुसरीचे वेगळेच झाले. तिच्या जोडीदारणीवर कंपनीने महिन्याचा अमुक माल उचललाच पाहिजे असे बंधन घातले. माल खपेना, तेव्हा भाकरीचे पैसे डब्यांच्या रूपाने मिळू लागले. घरात डब्यांची उतरंड लागली. पण दुकानदार ज्वारीच्या बदल्यात डबे घेतो का? यात डबेवालीचे मन काळे होते असे मी म्हणत नाही. तीही वरच्या ओझ्याखाली दबलेली होती. दोघींमध्ये काही लिहून ठेवलेले नव्हते, हे खरे दुखणे.

सरकारनेही या व्यवहाराला काही कुंपण घातले आहे. केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी थेट विक्रीचे नियम जारी केले. त्यांप्रमाणे विक्रेतीने ओळखपत्रावाचून व आधी विचारल्यावाचून कोणाच्या घरी जाऊ नये. आणि नवी माणसे जोडण्यावरच कमाई अवलंबून असलेल्या साखळ्यांना मनाई आहे. अशा पैशाच्या साखळ्यांवर १९७८ सालापासूनच बंदी आहे. खाण्याच्या पदार्थांसाठी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. घरी करून विकणाऱ्या लहान भगिनीनेही नोंदणी करावयाची असते, आणि तो नंबर पुडीवर छापावयाचा असतो. ही कटकट वाटते खरी. पण नंबराबरोबर करणारणीचे नाव-पत्ताही पुडीवर येतो. हे कागद करून घेण्याचा कंटाळा करू नये.

तेव्हा अशी जोडी जमविताना चार गोष्टी आधी वहीत लिहाव्यात. पुडीवर नाव करणारणीचे असावे. विकणारणीचे खाली लहान अक्षरात असले तरी चालेल. मोबदला रोख व ठरलेल्या दिवशी द्यावा. समजा शंभर रुपयांच्या चटणीवर दहा रुपये विकणारणीचे ठरले, तर डब्याच्या गिऱ्हाइकामागे चटणीवालीलाही काही ठरावे. उपकार एका बाजूचा असू नये. माल खवट निघाला वा झाकण फुटले, तर भरपाई कोणी करावयाची तेही लिहावे. चवीच्या पुड्यांचा खर्च दोघींनी वाटून घ्यावा. आणि गिऱ्हाइकांची यादी दोघींकडे असावी, म्हणजे उद्या एकीने काम सोडले किंवा कंपनीच बुडाली तरी दुसरीचा धंदा उघडा पडणार नाही. कंपन्या बुडत नाहीत असे मानू नये. ज्या टपरवेअरची कथा वर सांगितली, तिनेच सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

कासार, बोहारीण यांच्या काळापासून एक गोष्ट बदललेली नाही. गिऱ्हाईक आधी माणूस ओळखते, मग माल घेते. जेव्हा एक भगिनी दुसरीची चटणी आपल्या बैठकीत पुढे करते, तेव्हा ती आपली पत तिला उसनी देत असते. आणि उसने दिलेले मोजून, मान राखून परत करावे हे आपणा बायकांना कोणी शिकवावयास नको. विरजणाची वाटीदेखील आपण रिकामी परत करीत नाही. आपल्या मंडळात हात चालविणाऱ्या आहेत आणि तोंड चालविणाऱ्याही आहेत. दोघींनी एकत्र यावे, भरभराट करावी. मात्र ज्या हाताने उखळात मुसळ धरले, त्या हाताचे नाव पुडीवर ठळक असावे, एवढीच या वर्धापनदिनी सर्व भगिनींना माझी विनंती आहे.