कॅथलिक लग्नाला घटस्फोट का नसतो? घर, चर्च आणि कोर्टाची गोष्ट

'जे कुटुंब एकत्र प्रार्थना करतं, ते एकत्र राहतं' हे वाक्य जगभरातल्या अनेक ख्रिस्ती घरांत ऐकायला मिळतं. ते बायबलमधलं आहे असा अनेकांचा समज असतो, पण तसं नाही. पॅट्रिक पेटन या आयरिश वंशाच्या धर्मगुरूंनी १९४७ पासून अमेरिकेतल्या रेडिओ कार्यक्रमातून ते घरोघरी पोहोचवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर विस्कटलेल्या कुटुंबांनी रोज निदान थोडा वेळ एकत्र बसावं, एवढाच त्यांचा आग्रह होता.

गोव्यात ही सवय त्याच्याही आधीपासून आहे. संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर सगळ्यांनी मिळून जपमाळेची प्रार्थना म्हणायची, तिला 'तेर्स' म्हणतात. ती संपली की लहानांनी मोठ्यांकडून 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद घ्यायचा. दुपारी आई-बापाशी भांडलेल्या मुलालाही संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं. श्रद्धेमुळे घर सुखी होतं का, हा वादाचा विषय आहे. पण रोज एकदा अबोला मोडायला भाग पाडणारी ही सोय कुणाच्याही लक्षात येण्यासारखी आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला 'घरातलं चर्च' असं म्हटलं. मुलांना धर्म शिकवायची पहिली जबाबदारी धर्मगुरूंची नाही तर आई-वडिलांची, हा त्यामागचा विचार. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१५ मध्ये तो आणखी सोपा करून सांगितला. घरात तीन शब्द रोज वापरा : कृपया, धन्यवाद आणि माफ कर. आणि भांडण झालं तर दिवस संपायच्या आत समेट करा.

लग्न म्हणजे करार की संस्कार?

कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार, म्हणजे साक्रामेंत, मानले जातात आणि विवाह त्यातला एक आहे. प्रॉटेस्टंट पंथ साधारणपणे दोनच संस्कार मानतात : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लग्न त्यांच्याकडेही पवित्रच, पण संस्कार नाही. म्हणून तिथे घटस्फोटाबद्दलची भूमिका तुलनेने लवचीक असते.

आणखी एक गोष्ट फारशी माहीत नसते. रोमन परंपरेत लग्न धर्मगुरू 'लावत' नाहीत. वधू-वर एकमेकांना संमती देऊन तो संस्कार स्वतःच पार पाडतात, धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षीदार असतात. त्यामुळे सगळा भार संमतीवर येतो. लग्नाआधी चर्चमध्ये नावं जाहीर करून कुणाची हरकत आहे का ते विचारलं जातं. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर करावं लागतं, तिथे पैसा, सासर-माहेर, मुलं अशा विषयांवर बोललं जातं. दोघांची धर्मगुरूंसमोर वेगवेगळी चौकशी होते, ती दबावाखाली कुणी 'हो' म्हणत नाही ना, हे पाहण्यासाठी.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दल सेंट पॉलच्या इफिसकरांस पत्राचा दाखला नेहमी दिला जातो. पत्नीने पतीच्या अधीन असावं, असं त्यात आहे. पण त्याच्या लगेच आधी दोघांनीही एकमेकांच्या अधीन असावं असं म्हटलंय, आणि पुढे ख्रिस्ताने चर्चसाठी प्राण दिला तसं पतीने पत्नीवर प्रेम करावं, असं आहे. सोयीचं तेवढंच वाक्य उचलणाऱ्यांची कमी कुठल्याच धर्मात नाही.

मग लग्न मोडलं तर?

वैध झालेलं आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं दोन बाप्तिस्माधारकांचं लग्न मृत्यूशिवाय कुणीही मोडू शकत नाही, असं चर्च मानतं. पण याचा अर्थ मारहाण सोसत राहायचं असा नाही. जोडीदार किंवा मुलांच्या जिवाला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे. काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं, असं पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया' या दस्तऐवजातही म्हटलंय.

दुसरं लग्न चर्चमध्ये करायचं असेल तर पहिलं लग्न मुळातच अवैध होतं, हे धर्मप्रांताच्या न्यायालयात सिद्ध करावं लागतं. संमती जबरदस्तीची होती, मोठी गोष्ट फसवून लपवली होती, मूल होऊच द्यायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमताच नव्हती, अशी कारणं त्यात येतात. लग्न अवैध ठरलं तरी सद्भावनेने झालेल्या अशा लग्नातली मुलं अनौरस ठरत नाहीत. पूर्वी दोन न्यायालयांचा सारखा निकाल लागायचा. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही अट काढली.

भारतात खरी अडचण पुढे येते. चर्चने लग्न अवैध ठरवलं तरी सरकारी कायद्यात ते कायमच असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणजे चर्चच्या निकालावर विसंबून पुन्हा लग्न करणारी व्यक्ती कायद्याच्या नजरेत द्विभार्या प्रतिबंधाच्या कचाट्यात सापडू शकते. उलट कोर्टातून घटस्फोट घेतलेली व्यक्ती चर्चच्या दृष्टीने विवाहितच राहते. निव्वळ घटस्फोटामुळे तिला कम्युनियन नाकारलं जात नाही, प्रश्न दुसऱ्या लग्नानंतर येतो.

कोर्टाचा रस्ताही बायकांसाठी फार काळ अरुंद होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. पत्नीला मात्र बहुतेक वेळा पतीच्या व्यभिचारासोबत क्रूरता किंवा दोन वर्षं सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नव्हता. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. संसदेने कायदा बदलला तो २००१ मध्ये, म्हणजे १३२ वर्षांनी. क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयही आली.

त्यासाठी दोन वर्षं वेगळं राहण्याची अट ठेवली गेली. हिंदू विवाह कायद्यात हाच काळ एक वर्षाचा आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ख्रिस्ती जोडप्यांसाठीही तो एक वर्षाचा धरावा असा निकाल दिला, आणि २०२२ मध्ये ती एक वर्षाची सक्तीही मूलभूत हक्कांच्या विरोधात असल्याचं म्हटलं.