मधल्या जागा भरणारें यंत्र

कोष्टकें वापरणाऱ्यांना एक अडचण फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. ग्रहाचें स्थान दर दहा दिवसांचें दिलेलें असतें आणि पाहिजे असतें तें सातव्या दिवसाचें. अशा वेळीं दोन ज्ञात आंकड्यांमधली जागा हिशेबानें भरून काढावी लागते. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानें सातव्या शतकांतच ह्यासाठीं एक सुंदर सूत्र दिलेलें होतें. पुढें १९१५ सालीं एडिंबरो येथील गणिताचे प्राध्यापक एडमंड व्हिटेकर यांनीं हाच प्रश्न निराळ्या बाजूनें हातीं घेतला. सारख्या अंतरावर मांडलेल्या ठिपक्यांमधून अगणित वळणें काढतां येतात. पण त्यांपैकीं एक वळण असें असतें कीं, ज्यांत आवश्यकतेहून अधिक जलद असा एकहि चढउतार नसतो. तें वळण नेमकें कसें शोधावें हें व्हिटेकर यांनीं दाखवून दिलें. त्यांच्यासमोर कोष्टकें होतीं, गाणें नव्हतें. तथापि आज घरोघरच्या संगीतयंत्रांत क्षणोक्षणीं जें गणित चालतें, त्याचें एक उगमस्थान हेंच होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस घरांतील संगीताचा दर्जा सुधारण्यासाठीं म्हणून 'अपसँपलर' नांवाची जी पेटी बाजारांत आली, तिच्या पोटांत ह्याहून निराळें कांहीं नाहीं. कॉम्पॅक्ट डिस्कवरून येणारे आंकडे घ्यावयाचे, त्यांच्या मधल्या जागांत नवे आंकडे मोजून बसवावयाचे, आणि अशी दुपटीनें किंवा चौपटीनें दाट झालेली मालिका रूपांतरकाकडे, म्हणजे आंकड्यांची विद्युल्लहरी बनविणाऱ्या यंत्राकडे, पाठवावयाची, एवढेंच तिचें काम. परंतु तबकडीवर नसलेलें संगीतहि ही पेटी परत आणून देते, असा समज लवकरच पसरला. रसिकांतील एका पक्षानें तिला परीस मानलें, दुसऱ्यानें थोतांड ठरविलें. ह्या पेट्या स्वस्त नव्हत्या. तेव्हां ह्या वादांत नुसत्या शब्दांचा नव्हे, तर संसारी माणसाच्या पैशाचाहि प्रश्न होता. त्याचा निर्णय करावयाचा तर हें गणित दिवाणखान्यापर्यंत कसें पोंचलें तें पाहिलें पाहिजे.

आवाज म्हणजे हवेचें कंपन. मायक्रोफोन त्याचें विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. हा चढउतार जसाच्या तसा तारेवरून पाठविला कीं वाटेंत खरखर मिसळते, आणि एकदां मिसळलेली खरखर वेगळी काढतां येत नाहीं. पॅरिस येथील प्रयोगशाळेंत काम करणारे इंग्रज अभियंते अलेक रीव्हज यांना १९३७ सालीं अशी कल्पना सुचली कीं, हा चढउतार ठराविक अंतरानें मोजावा आणि मोजून आलेले आंकडेच पाठवावेत. आंकडा वाचतां आला म्हणजे झालें. वाटेंतील खरखरीनें त्याचें मोल बदलत नाहीं. मग प्रश्न उरला तो हा कीं, एका सेकंदांत किती वेळां मोजावें? हॅरी नायक्विस्ट यांचें १९२८चें, व्लादिमिर कोटेल्निकॉव्ह यांचें १९३३चें आणि क्लॉड शॅनन यांचें १९४९चें लेखन एकत्र ठेवलें म्हणजे उत्तर मिळतें: सर्वांत उंच स्वराचीं जितकीं कंपनें, त्यांच्या दुपटीहून थोडें अधिक वेळां मोजलें कीं पुरे. तेवढें केलें असतां दोन मोजणींमधला भाग अंदाजानें भरावा लागत नाहीं. तो आधींच निश्चित झालेला असतो. पुढील साऱ्या वादाची किल्ली ह्या एका वाक्यांत आहे.

तरुण मनुष्याचा कान दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकतो. म्हणजे ४०,००० हून कांहीं अधिक मोजण्या पुरेशा होत्या. मग कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं ४४,१०० हा चमत्कारिक आंकडा कोठून आला? त्याचें उत्तर संगीतांत नसून चित्रफितींत आहे. एवढे आंकडे साठविण्याजोगें सोयीचें यंत्र १९७०च्या दशकांत एकच होतें, तें म्हणजे दूरचित्रांचें मुद्रण करणारें यंत्र. त्याच्या फितीवर जपानी व अमेरिकन पद्धतीनें सेकंदास ६० चित्रक्षेत्रें, प्रत्येकांत उपयोगी २४५ ओळी आणि प्रत्येक ओळींत ३ नमुने मांडले, कीं गुणाकार ४४,१०० होतो. युरोपीय पद्धतीनें ५० क्षेत्रें, २९४ ओळी आणि ३ नमुने घेतले तरी गुणाकार तोच येतो. १९८० सालीं फिलिप्स व सोनी ह्या दोन कंपन्यांनीं तबकडीचे नियम ठरविले, तेव्हां हाच आंकडा कायम झाला.

आंकडे लिहिणें सोपें झालें; त्यांचें पुन्हां गाणें करणें तितकें सोपें नव्हतें. रूपांतरकांतून बाहेर पडणारी लहर जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते, आणि त्या पायऱ्यांबरोबर मूळ स्वरांचीं प्रतिबिंबेंहि बाहेर येतात. २०,००० कंपनांच्या स्वराचें पहिलें प्रतिबिंब २४,१०० वर उमटतें. तें कानाला ऐकूं येत नसलें तरी पुढील ध्वनिवर्धकांत शिरून ऐकूं येणारा बिघाड उत्पन्न करूं शकतें. म्हणून मध्यें एक विजेची गाळणी बसवावी लागते. तिनें २०,००० पर्यंत सर्व कांहीं सोडावयाचें आणि २४,१०० च्या पुढें कांहींहि सोडावयाचें नाहीं. संगीताच्या भाषेंत सांगावयाचें तर हें अंतर षड्जापासून कोमल गांधारापर्यंतचें. एवढ्या अरुंद जागेंत उभी भिंत घालावयाची म्हणजे वेटोळीं व कंडेन्सर ह्यांची मोठीच फौज लागते. तिचे सर्व भाग अगदीं तंतोतंत मापाचे हवेत. शिवाय अशी गाळणी उंच स्वरांना खालच्या स्वरांच्या मानानें मागें रेंगाळावयास लावते. १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत विक्रीस आलेल्या सोनीच्या पहिल्या वादकयंत्रानें हाच मार्ग पत्करला होता.

हॉलंडांतील आइंडहोव्हन येथें फिलिप्सचे अभियंते वेगळ्याच अडचणींत सांपडले होते. त्यांनीं तयार केलेला रूपांतरक १४ बिटांचा, म्हणजे १६,३८४ पायऱ्या ओळखणारा होता. आणि सोनीच्या आग्रहामुळें करार झाला तो १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा. ह्या अडचणींतूनच एक मोठी युक्ति जन्मास आली. प्रत्येक दोन आंकड्यांच्या मध्यें तीन नवे आंकडे मोजून बसवावयाचे आणि रूपांतरकाला ४४,१०० च्या ऐवजीं १,७६,४०० च्या गतीनें चालवावयाचें. ह्यामुळें पहिला लाभ असा झाला कीं, प्रतिबिंबें १,५६,००० च्याहि पुढें ढकललीं गेलीं, आणि उभ्या भिंतीच्या जागीं विजेचा साधा उतार पुरेसा झाला. कठीण गाळणी आतां आंकड्यांतच होऊं लागली, आणि आंकड्यांची गाळणी उष्णतेनें बदलत नाहीं कीं वयानें थकत नाहीं. दुसरा लाभ असा कीं, आंकडे तोडतांना होणारी खरखर चौपट रुंद पट्ट्यांत पसरली आणि ऐकूं येणाऱ्या भागांत तिचा चौथा हिस्साच उरला. तिसरी युक्ति तर वाण्याच्या वहींतली वाटावी अशी होती. हिशेब करतांना जी चिल्लर सुटते ती सोडून न देतां पुढच्या हिशेबांत धरावयाची. तिच्या योगानें उरलेली खरखरहि बव्हंशीं कानाच्या कक्षेबाहेर गेली. अशा रीतीनें १४ बिटांच्या रूपांतरकानें १६ बिटांच्या तोडीचें काम करून दाखविलें. १९८३ सालीं युरोपांत आलेल्या फिलिप्सच्या पहिल्या वादकयंत्रांत ही योजना प्रत्यक्ष बसविलेली होती.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. दहा वर्षांच्या आंत ही युक्ति सर्वांनींच उचलली. चौपटीची आठपट झाली, आणि एका बिटाच्या रूपांतरकांत तर २५६ पटीपर्यंत मजल गेली. १९९० च्या सुमारास घरांतील साध्या वादकयंत्रांतहि मधल्या जागा भरण्याचें काम मुकाट्यानें चाललेलें होतें. घरमालकाला त्याचा पत्ताहि नसे.

मग वेगळी पेटी कशासाठीं आली? १९८७ सालीं स्थापन झालेल्या डीसीएस ह्या इंग्रज कंपनीनें ध्वनिमुद्रणगृहांसाठीं एका गतीचे आंकडे दुसऱ्या गतींत बदलणारें यंत्र तयार केलें होतें. कांहीं हौशी श्रोत्यांनीं तें घरच्या कॉम्पॅक्ट डिस्कला जोडून पाहिलें, आणि त्यांना त्याचा आवाज आवडला. लवकरच ह्याच तत्त्वावरील घरगुती यंत्र आलें व त्यास सतराव्या शतकांतील इंग्रज संगीतकार पर्सेल याचें नांव देण्यांत आलें. इतर कारखानदारहि मागें राहिले नाहींत. तो काळ डीव्हीडीचा होता. सेकंदास ९६,००० नमुने आणि २४ बिट हे शब्द नव्या युगाचे म्हणून सर्वांच्या कानीं पडत होते. आपल्या जुन्या तबकड्यांवरहि हे आंकडे उमटावेत असें वाटणें अगदीं स्वाभाविक होतें. परंतु नांव नवें असलें तरी क्रिया जुनीच होती. पूर्वी जें वादकयंत्राच्या पोटांत होत असे, तें आतां निराळ्या पेटींत आणि अधिक लांब हिशेबानें होऊं लागलें. ४४,१०० चे ९६,००० करावयाचे तर १४७ आंकड्यांच्या जागीं ३२० आंकडे मोजावे लागतात. त्यांतील बहुतेक सर्वच नवे असतात, परंतु जुन्यांत जें नव्हतें असें त्यांत कांहीं नसतें.

म्हणजे पेटी निरुपयोगी कीं काय? तसेंहि नाहीं. स्वस्त रूपांतरकांतील आंकड्यांची गाळणी पुष्कळदां आंखूड हिशेबाची असते. अगदीं सीमेवर, म्हणजे २२,०५० वर, तिनें प्रतिबिंबाला जेवढें दाबावयास पाहिजे तेवढें ती दाबीत नाहीं. अशा यंत्राच्या आधीं चांगली गाळणी बसविली तर तिचा उपयोग होतो. कांहीं पेट्या आंकड्यांच्या येण्यांतील वेळेची अनियमितताहि कमी करतात. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. उभ्या भिंतीची गाळणी तबल्याच्या थापेसारख्या आघाताच्या मागें, आणि कांहीं प्रकारांत पुढेंहि, बारीकशी थरथर ठेवते. २००४ सालीं पीटर क्रेव्हन यांनीं ती आवरण्यासाठीं हळुवार उताराच्या गाळणीचा मार्ग सुचविला, आणि पुढील यंत्रांत तो पुष्कळ रूढ झाला. उलटपक्षीं हानीहि संभवते. १९९० नंतर अनेक तबकड्या अतिशय मोठ्या आवाजांत, शेवटच्या पायरीला भिडवून तयार करण्यांत आल्या. अशा दोन उंच आंकड्यांमधलें खरें वळण त्यांच्याहि वर जातें. यंत्रानें वरची जागा मोकळी ठेवलेली नसेल तर तेथें तें छाटलें जातें आणि आवाज बिघडतो.

ह्या सर्व खटाटोपाची प्रतिक्रियाहि उमटली. १९९६ च्या सुमारास जपानांतील र्योहेई कुसुनोकी यांनीं मधल्या जागा मुळींच न भरणारें आणि आंकड्यांची गाळणीहि नसणारें यंत्र पुढें मांडलें. त्यांत २०,००० कंपनांपाशीं आवाज सुमारें ३ डेसिबल उतरतो आणि प्रतिबिंबें तशींच राहतात. तरीहि अनेकांना तो अधिक मृदु व नैसर्गिक वाटला. ह्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, कानाला गोड लागणें आणि मूळाशीं प्रामाणिक असणें ह्या नेहमीं एकच गोष्टी नसतात.

अशा प्रसंगीं कोणतें यंत्र वाजत आहे हें न सांगतां घेतलेली परीक्षाच विश्वासार्ह ठरते. अमेरिकेंत मेयर व मोरन यांनीं अधिक दाट आंकड्यांचें मुद्रण आणि तेंच मुद्रण कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापांत उतरवून, अशीं दोन्ही श्रोत्यांना ऐकविलीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत ५५४ चाचण्यांपैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून झालें असतें तितकेंच. पुढें २०१६ सालीं जोशुआ रीस यांनीं १८ प्रयोगांतील १२,००० हून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत फरक ओळखूं येतो असें दिसलें, पण तो फार थोडा, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांत अधिक. ज्या मुद्रणांत खरोखरीच अधिक माहिती होती त्यांची ही कथा. जेथें ती मुळांतच नाहीं, तेथें अपेक्षा किती ठेवावी हें उघड आहे. म्हणून अशी पेटी घेऊं इच्छिणाऱ्यानें ती आपल्याच घरीं, आपल्याच यंत्राला जोडून, दोन्हीकडचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवून, आणि पेटी चालू कीं बंद हें दुसऱ्याकडे सोंपवून ऐकावी. किंचित् मोठा आवाज कानाला नेहमींच अधिक चांगला वाटतो. पुष्कळ चमत्कारांचें मूळ तेवढ्यांतच असतें.

बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील पदें आतां कॉम्पॅक्ट डिस्कवरहि मिळतात. त्या काळच्या मेणावर उंच स्वरांचा जो भाग उमटलाच नाहीं, तो कितीहि पटींनीं जागा भरल्या तरी उमटणार नाहीं. पण जो उमटला, तो आंकड्यांच्या वाटेनें घरांत येतांना आणखी झिजूं नये, हें मात्र ह्या गणिताच्या हातीं आहे. अगणित वळणांतून व्हिटेकर यांनीं जें एक निवडलें होतें, तें स्वतःची भर न घालणारें वळण होतें. घरांतील संगीतयंत्राला ह्या पेटीनें खरें देणें दिलें असेल तर तें एवढेंच, आणि जेथें तें देणें आधींच्या यंत्रानें दिलेलें आहे तेथें नव्या पेटीला करावयास फारसें कांहीं उरत नाहीं.