विभाजित यकृत-प्रतिरोपण : एका वाटणीचा इतिहास

अवयव-प्रतिरोपणाचा इतिहास बहुधा शस्त्रवैद्यांच्या कौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु एका यकृताचे दोन भाग करून ते दोन रुग्णांस देण्याची जी पद्धती १९८८ साली उदयास आली, तिचा उगम कौशल्याइतकाच टंचाईत आहे. वाटणी कोणी व कोणत्या न्यायाने करावी, हा टंचाईचा सनातन प्रश्न तिलाही चुकला नाही.

ह्या पद्धतीचा शारीररचनात्मक पाया फ्रेंच शारीरज्ञ क्लोद क्विनो ह्यांनी १९५७ साली घातला. यकृताचे आठ खंड असून प्रत्येकास रक्तवाहिन्यांची व पित्तनलिकेची स्वतःची शाखा असते, हे त्यांनी दाखविले. टॉमस स्टार्झल ह्यांनी डेन्व्हर येथे १९६३ साली केलेल्या पहिल्या मानवी यकृत-प्रतिरोपणात बालरुग्ण शस्त्रक्रियेतच दगावला. यश १९६७ साली आले. पुढे सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले आणि १९८३ साली अमेरिकेत ह्या शस्त्रक्रियेस रूढ उपचाराची मान्यता मिळाली. मान्यतेबरोबर मागणी वाढली. दाते मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत.

ह्याची झळ बालकांना अधिक लागली, कारण त्यांच्या देहात मावेल असे यकृत क्वचितच मिळे. १९८४ साली आंरी बिस्म्यूत व दिदिए उसें ह्यांनी प्रौढाचे यकृत कापून लहान करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. बालक वाचू लागले. पण उरलेला भाग टाकून द्यावा लागे. म्हणजे टंचाई घटली नाही, तिचा भार प्रौढांवर सरकला. १९८८ साली हॅनोव्हर येथे रूडॉल्फ पिख्लमायर ह्यांनी दोन्ही भाग उपयोगात आणले : एक बालकास, दुसरा प्रौढास.

आरंभीचे परिणाम निराशाजनक होते. विभाजन देहाबाहेर, बर्फाच्या थंडाव्यात होई. त्यात वेळ जाई आणि कापलेल्या पृष्ठभागातून पुढे रक्त वा पित्त स्रवे. ह्याच सुमारास जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेण्याचा मार्ग खुला झाला. १९८९ साली ब्रिस्बेन येथे तो प्रथम यशस्वी ठरला. त्यातूनच, मेंदूमृत दात्याचे रक्ताभिसरण चालू असताना देहातच यकृत विभागण्याची रीत १९९०नंतरच्या दशकात हॅम्बुर्ग येथे विकसित झाली. थंड काळ घटला आणि रक्तस्राव वेळीच आवरता येऊ लागला.

तरीही ही पद्धती सार्वत्रिक झाली नाही. विभाजनास योग्य ते निरोगी, तरुण दात्याचे यकृतच. आणि नेमके तेच प्रौढ रुग्णास अखंड हवे असते. अनोळखी बालकासाठी त्याने अधिक धोका का पत्करावा? इटलीने २०१५ साली सुयोग्य दात्यांची यकृते प्रथम बालरुग्णांसाठी विभाजनार्थ देण्याचा दंडक घातला. तेथे हा निर्णय वैयक्तिक औदार्यावर न सोडता नियमाने केला, हे लक्षणीय आहे.

भारतात मेंदूमृत्यूस वैधानिक मान्यता १९९४च्या अधिनियमाने मिळाली. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ह्यांच्या विधानमंडळांचे ठराव त्यामागे होते. तथापि येथील बहुतेक यकृते आजही जिवंत आप्तांकडूनच येतात. जेथे मृत दातेच विरळ, तेथे विभाजनास वावही थोडाच. शस्त्र एकाचे दोन करू शकते. मुळातला एक मात्र समाजानेच द्यावा लागतो.